कुलपाला हात लावू नका

"नमस्कार सर, या ना. पाणी घेणार का?" दारातल्या मुलीने विचारलं, तेव्हा वैजनाथराव घोडनदीकरांनी आधी मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. म्हणजे पाणी त्यांनाच विचारलं होतं. तेही पुण्यात, पेठेत, झुंजारे वस्तुसंग्रहालयाच्या दारात! त्यांच्या लहानपणी इथे पाणी मागणाऱ्या पोराला "घरी नळ नाही का?" असं विचारायची पद्धत होती. वैजनाथरावांनी तिथेच कपाळाला हात लावला.

पाणी विचारलं म्हणून कपाळाला हात लावणारा माणूस कुणाला विचित्र वाटेल. पण या पाण्यापायी एक लग्न अडायची वेळ आली होती.

झालं होतं असं, की वैजनाथरावांची मुलगी पूर्णिमा खराडीला एका कंपनीत कामाला आणि तिच्या शेजारच्या टेबलावर नागपूरच्या वऱ्हाडपांड्यांचा दत्तप्रसाद. दोघांनी आपलं आपण ठरवून टाकलं आणि दोन्ही घरांना, हल्लीच्या रिवाजाप्रमाणे, कळवलं. पत्रिका नाही, देणंघेणं नाही, त्यामुळे मोठ्या माणसांना भांडायला एकच विषय शिल्लक राहिला, तो म्हणजे लग्न कुठे करायचं. मुलीचं गाव म्हणून पुण्यात, असं घोडनदीकरांचं म्हणणं. "पण पुण्यात आमच्या पाहुण्यांनी करायचं काय जी?" असं व्याही उत्तरेश्वरराव वऱ्हाडपांड्यांचं म्हणणं. नागपूरच्या भेटीत त्यांनी वैजनाथरावांना इतकं खाऊ घातलं होतं, की वाद घालायला तोंड रिकामं सापडेना. त्या भरल्या तोंडानेच वैजनाथराव बोलून गेले, "तुम्ही एकदा याच. झुंजारे म्युझियम दाखवतो. तिथे असं ओरडतात, की माणूस जन्मभर विसरत नाही."

"ओरडतात?" वऱ्हाडपांड्यांचा घास हातातच राहिला. "पाहुण्यावर?"

"कुणावरही."

"मग तर यावंच लागते. मजा आली तर लग्न पुण्यात. नाही आली तर नागपूर, अन् मग बोलायचं नाही."

वैजनाथराव हसले आणि त्यांनी मान डोलावली. मुलीच्या बापाने व्याह्यापुढे हसायचं आणि मान डोलवायची असते, हे त्यांनी स्वतःच्या सासऱ्यांना पाहून शिकून ठेवलं होतं. तेव्हापासून ते फोनवरसुद्धा मान डोलावत होते.

आता झुंजारे म्युझियमबद्दल. कै. अण्णासाहेब झुंजारे यांनी आयुष्यभर दौती, काठ्या आणि पानाचे डबे जमवले आणि ते लोकांना दाखवावे लागतात याचा आयुष्यभर राग राग केला. त्यांनी सोनबा नावाचा पहारेकरी नेमला होता तो त्यासाठीच. वैजनाथ चौथीत असताना शाळेची सहल तिथे गेली. मधल्या दालनात चौरंगावर घागरीएवढं पितळी कुलूप होतं, सिंहाच्या तोंडाचं. वैजनाथने एक बोट, एकच बोट, सिंहाच्या नाकाला लावलं, तोच खांबामागून आवाज फुटला, "हात काढ! तुझ्या तीर्थरूपांचं आहे का?" ('बाप' म्हणायचं नाही, आपण पेठेत आहोत, अशी अण्णासाहेबांची सोनबाला ताकीद होती.) सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "नाऽऽही!" बाईंनीसुद्धा आपला हात पदराखाली घेतला. ते कुलूप किती मोलाचं असेल, हे वैजनाथला त्या क्षणी कळलं. पुढे त्याने ताजमहालही पाहिला. पण तिथे त्याच्यावर कुणी ओरडलं नाही, त्यामुळे तो लक्षात राहिला नाही.

व्याही यायचे होते येत्या रविवारी. आणि आज, त्याआधी सहज एक चक्कर टाकावी म्हणून आले, तर ही मुलगी पाणी विचारत होती.

आत जे होतं ते पाण्यापेक्षा वाईट होतं. भिंतींवर मोठमोठे पडदे लागले होते आणि त्यांवर खुद्द अण्णासाहेब, कार्टून होऊन, कमरेवर हात ठेवून नाचत माहिती सांगत होते. हयातीत ते कधी हसल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. काठ्यांच्या दालनात कॉफी मिळत होती. दौतींपाशी सेल्फी कोपरा होता. कुलूप मात्र चौरंगावर होतं. वैजनाथराव जवळ गेले. खाली पाटी होती, "मला हात लावा!" आणि पाटीवर हसरा पिवळा चेहरा. त्यांनी बोट टेकवलं. रंग पितळेचा होता, पण आवाज न्हाणीघरातल्या बादलीचा आला. कुलूप फायबरचं होतं.

वैजनाथराव तीस वर्षं विमा कंपनीत होते. पुराव्याशिवाय निष्कर्ष काढणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी पद्धतशीर गुन्हे करायला सुरुवात केली. आधी फोन कानाला लावून, पलीकडे कुणी नसताना, जोरजोरात बोलले. कुणी काही म्हणेना. मग शेंगदाण्याची चिक्की काढून काडकाड चावली. एका मुलाने त्यांना कागदी रुमाल आणून दिला. शेवटी काळजावर दगड ठेवून ते दोरी ओलांडून अण्णासाहेबांच्या आरामखुर्चीत जाऊन बसले. गणवेशातला एक तरुण लगबगीने धावत आला. वैजनाथरावांचे डोळे आशेने भरून आले.

"सर, मान जराशी इकडे," तो म्हणाला. "फोटो मस्त येईल."

फोटो चौकटीत घालून, वर "पुन्हा या!" असं लिहून त्यांच्या हातात देण्यात आला. माणसाचा इतका अपमान त्या वास्तूत पूर्वी कधी झाला नव्हता.

घरी कौशल्याबाईंनी फोटो पाहिला आणि हकिगत ऐकली. "ओरडाच खायचा होता तर घर काय वाईट होतं?" त्या म्हणाल्या आणि भाजी निवडायला बसल्या.

कोथरूडच्या सोसायटीत कुणाचं दुःख खाजगी राहत नाही. संध्याकाळी बाकावर बैठक भरली. तळमजल्यावरच्या सोजरबाई म्हणाल्या, "त्यात काय मोठंसं? व्याह्यांना म्हणावं आपल्या गेटसमोर गाडी लावा. आमचे चेअरमन आहेत की."

"ती किरकिर झाली," वैजनाथराव खिन्नपणे म्हणाले. "ओरडण्याला घराणं लागतं."

चेअरमन तिथेच बसले होते. त्यांनी तो घाव गिळला आणि सूड म्हणून सल्ला दिला, "माहितीच्या अधिकारात विचारा. ओरडणं कोणत्या ठरावाने बंद केलं? तारीख, वार, सूचक, अनुमोदक."

वरच्या मजल्यावरचे हमीदभाई बाकाच्या टोकाला बसले होते. त्यांचं बुधवार पेठेत रेडिओ-टीव्हीचं दुकान होतं, आता भाचा जुनेद बघतो. हमीद आणि वैजनाथ चौथीत एका बाकावर होते. "नाऽऽही" म्हणणाऱ्यांत हमीदही होता. "यार वैजू," ते हळूच म्हणाले, "कुलूप खरंच फायबरचं केलं?"

दुसऱ्या दिवशी वैजनाथराव अर्ज घेऊन एका सरकारी कचेरीत गेले. खिडकीतल्या बाईंनी अर्ज वाचला, चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं आणि मग ती गोष्ट घडली.

"ओरडत नाहीत म्हणून तक्रार? अहो आजोबा, इथे लोक ओरडतात म्हणून तक्रार घेऊन येतात! आणि ही आवक खिडकी आहे का? वर काय लिहिलंय? चष्मा शोभेला लावलाय? व्हा बाजूला, मागच्यांना उन्हात उभं केलंय नुसतं!"

वैजनाथरावांच्या अंगावर रोमांच उभे राहिले. काय ती फेक, काय ते "शोभेला"! ते बाजूला झाले, पण त्यांना राहवेना. पुन्हा खिडकीत डोकावून त्यांनी अदबीने विचारलं, "बाई, येत्या रविवारी पाहुण्यांना घेऊन आलो तर चालेल का?"

"दोन प्रती आणा," बाई वर न बघता म्हणाल्या. पण रविवारी कचेरीला सुट्टी होती.

आता राहिला सरळ मार्ग. ते संग्रहालयाच्या व्यवस्थापिका राजनंदिनी यांना जाऊन भेटले. राजनंदिनी वयाने पूर्णिमाएवढी, बोलायला साखर. वैजनाथराव तावातावाने बोलत होते आणि ती मान हलवून टिपून घेत होती. "सर, किती ब्यूटिफुल फीडबॅक आहे हा!" ती म्हणाली. वैजनाथरावांनी टेबलावर मूठ आपटली. तिने त्यासाठीही आभार मानले. अशा माणसाशी भांडायचं कसं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं.

"सर, आम्ही सर्व्हे केला होता," ती म्हणाली. "लहान मुलं घाबरून परत यायची नाहीत."

"मी घाबरलो होतो," वैजनाथराव म्हणाले. "म्हणून तर आलोय परत."

त्यावर ती लिहायची थांबली. थोडा विचार करून म्हणाली, "ओके सर. संडेला करून बघू. तुमचा माणूस आणा, आम्ही जुना गणवेश देतो. फक्त दारात एक बोर्ड लावावा लागेल. 'इथे आपल्यावर ओरडलं जाऊ शकतं. क्षमस्व.'" आणि त्यांच्या खास पाहुण्यांसाठी तिजोरीच्या खोलीतलं खरं कुलूप बाहेर काढायचंही तिने आपणहून कबूल केलं. खरं कुलूप आहे, जिवंत आहे, हे ऐकून वैजनाथरावांना एवढं भरून आलं, की त्यांनी या वेळी पाणी घेतलं.

माणूस म्हणजे अर्थात सोनबा. हमीदभाईंच्या स्कूटरवर बसून दोघे चौकशी करत सिंहगडाच्या बाजूच्या एका गावात पोचले. सोनबा अंगणात बाजेवर बसले होते. पांढऱ्याशुभ्र मिश्या, गळ्यात माळ, मांडीवर मांजर. वैजनाथरावांनी वाकून नमस्कार केला आणि मुद्दामच, अंदाज घेण्यासाठी, बाजेशेजारच्या तांब्याला बोट लावलं.

"घे की लेकरा, पाणी पी," सोनबा म्हणाले. "आपलंच हाय समदं."

वैजनाथरावांनी आणि हमीदभाईंनी एकमेकांकडे पाहिलं. इथेही पाणीच!

"सोनबा, ओरडणं कुठे गेलं हो तुमचं?" हमीदभाईंनी काकुळतीने विचारलं.

"त्ये व्हय?" म्हातारा खुदकन हसला. "आरं, मला म्युझियमातनं बूट दिलं व्हतं. अण्णासायबांनी जोडच येक आणला, त्यो बी बारक्या मापाचा. न्हाई म्हणायची सोय न्हवती. निस्ता चावायचा! दिसभर त्यात हुबं ऱ्हायाचं म्हणल्यावर मानूस वरडंल न्हाई तर काय करंल? रिटायर झालो, वहाना घातल्या, राग गेला." त्यांनी आत हाक मारून ते बूट मागवले. काळे, जाड, आणि खरोखरच बारके. "घिऊन जा. हितं कुत्रं बी त्येंच्या वाटंला जात न्हाई."

परतीच्या वाटेवर वैजनाथराव स्कूटरच्या मागच्या सीटवर बूट छातीशी धरून बसले होते. एवढी वर्षं ज्या गर्जनेपुढे मान लवत होती ती बुटातून आली होती, हे पचवायला त्यांना वारजेपर्यंतचा रस्ता लागला. वारजे आल्यावर ते म्हणाले, "हमीद, तू उभा राहायचंस. व्याह्यांनी तुला पाहिलेलं नाही."

रविवार उजाडला. हमीदभाईंनी खाकी कोट चढवला, पण बूट काही केल्या त्यांच्या पायात जाईनात. त्यांचे पाय बुधवार पेठेत तीस वर्षं काउंटरमागे उभे राहून पसरले होते. वैजनाथरावांचे पाय त्या मानाने सुबक. बाहेर पाहुण्यांची गाडी येऊन थांबलेली. इथे बूटच घालायचे म्हणून हमीदभाई घरून अनवाणीच निघाले होते. घाईघाईत त्यांनी वैजनाथरावांच्या चपला घातल्या, आणि अनवाणी व्याह्यापुढे कसं जायचं म्हणून वैजनाथरावांनी बूट कोंबले. पहिल्या पावलालाच त्यांना सोनबाचं आयुष्य समजलं.

"या, या, या!" ते हसत पुढे झाले. करंगळी ओरडत होती, पण चेहऱ्यावर मुलीचा बाप होता.

वऱ्हाडपांडे, त्यांच्या सौभाग्यवती, दत्तप्रसाद, पूर्णिमा आणि कौशल्याबाई असा लवाजमा आत शिरला. वऱ्हाडपांड्यांनी दारातला बोर्ड दोनदा वाचला आणि बाह्या सरसावल्या. पानाच्या डब्यांपाशी त्यांनी मुद्दाम एक डबा उचलला आणि खांबामागच्या हमीदभाईंकडे अपेक्षेने पाहिलं.

हमीदभाईंनी छाती भरून श्वास घेतला. आणि तीस वर्षांची दुकानदारी बाहेर पडली. "घ्या ना साहेब, हातात घेऊन बघा! आतूनही बघा, दुसरा दाखवू?"

दत्तप्रसाद हसला. वऱ्हाडपांडे हसले नाहीत. काठ्यांपाशी हमीदभाईंनी विहीणबाईंना खुर्ची दिली. दौतींपाशी त्यांनी गॅरंटीचा विषय काढला. वैजनाथराव एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत, हसत, मान डोलावत होते. आपण हरतोय, पूर्णिमाचं लग्न नागपूरला लागणार, तिला वाढवणाऱ्या सगळ्या मावश्या-आत्या रात्रभर गाडीत बसणार आणि निम्म्या येणारच नाहीत, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं.

"छान आहे जी," वऱ्हाडपांडे सावकाश म्हणाले. "आमच्या तिकडे मॉलमधे असंच राहते."

मॉल! तो शब्द वैजनाथरावांच्या करंगळीपर्यंत जाऊन पोचला. तरी ते हसले. "कुलूप पाहू या," ते दात दाबून म्हणाले.

मधल्या दालनात राजनंदिनीने शब्द पाळला होता. पांढऱ्या कापडावर खरं कुलूप होतं. जुन्या पितळेचा तो मऊ, पिवळा उजेड, आणि सिंहाचं नाक, जरा झिजलेलं. वैजनाथराव क्षणभर दुखणं विसरले. तेवढ्यात वऱ्हाडपांड्यांनी खिशातून गाडीची किल्ली काढली आणि सिंहाच्या नाकावर ठणठण वाजवली.

"हे तरी असली आहे का जी?"

"हात काढा!"

तो आवाज कुठून आला हे पहिल्यांदा कुणालाच कळलं नाही. राजनंदिनीच्या हातातले, कुलूप हाताळायचे हातमोजे खाली पडले.

"हात काढा म्हणतो ना! तुमच्या तीर्थरूपांचं आहे का? किल्ली कसली वाजवताय, देवळातली घंटा आहे ती? नागपूरला घरच्या भांड्यांवर हौस भागली नाही? मोठा माणूस, पांढरे केस झाले, वस्तूकडे बघायचं कसं एवढं कळत नाही? मागे व्हा! आणखी मागे! हात पाठीमागे बांधा!"

मुलीच्या बापाने मुलाच्या बापाला हात पाठीमागे बांधायला लावले होते. कौशल्याबाईंनी डोळे मिटून घेतले. पूर्णिमाने दत्तप्रसादचा हात धरला, निरोप घेतल्यासारखा. वैजनाथरावांना आपण काय केलं ते उमगलं, आणि त्यांची नजर बुटांवर गेली. "माफ करा," ते पुटपुटले. "बूट... बूट चावतायत."

वऱ्हाडपांड्यांचे हात खरोखरच पाठीमागे बांधलेले होते. मग त्यांचं पोट हलायला लागलं, मग खांदे, आणि मग ते दालन दणाणून जाईल असं हसले.

"अरे बाप्पा! काय वरडला हा माणूस! अहो, तीन महिने तुम्ही माझ्याशी असे गोड बोलून राहिले होते, की मी हिला म्हटलं, या घरात काहीतरी भानगड आहे. माणूस इतका गोड राहूच शकत नाही. आज समजलं, घर चांगलं आहे." त्यांनी डोळे पुसले. "लग्न पुण्यातच! पण एक अट आहे. मांडवाच्या दारात तुम्ही उभं राहायचं, अन् आमच्या अख्ख्या वऱ्हाडावर ओरडायचं. माझ्या मोठ्या भावावर जरा जास्त."

"बूट हेच घाला," विहीणबाई म्हणाल्या.

मग सगळी मंडळी आनंदाने काठ्यांच्या दालनात कॉफी प्यायला गेली. राजनंदिनी वहीत 'मांडव', 'ओरडा', 'पॅकेज' असं काहीबाही टिपत त्यांच्यामागे गेली. मागे राहिले ते वैजनाथराव आणि हमीदभाई. वैजनाथरावांनी बूट काढून हातात घेतले. फरशी गार लागली. इतकं सुख त्यांना बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं.

समोर कुलूप होतं, खरं. आजूबाजूला कुणी नव्हतं. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. हमीदभाईंनीही पाहिलं. मग वैजनाथरावांनी एक बोट, एकच बोट, हळूच पुढे केलं आणि सिंहाच्या झिजलेल्या नाकाला टेकवलं.

"ओ भाऊ!" खांबामागून आवाज कडाडला. कॉफीचा कप हातात धरून वऱ्हाडपांडे उभे होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर अण्णासाहेबांनाही साधला नसता असा राग होता. "हात काढा! तुमच्या तीर्थरूपांचं आहे का जी?"

वैजनाथरावांचे हात बुटांसकट पाठीमागे गेले. हमीदभाईंचेही गेले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, मान खाली घातली, आणि एका सुरात म्हणाले, "नाऽऽही!"